बेटीची एकेचाळीस घरं

मी दिवसाला साठ फोन करते आणि त्यातल्या चाळीस जणांना माझं नाव ऐकूनच राग येतो. त्यांचं काही चुकत नाही. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली पुठ्ठ्याचे खोके बनवतात, वर आम्ही लोकांच्या वेबसाइट ठेवायला सर्व्हरवर जागा देतो. जागा वर्षाच्या कराराने मिळते. करार संपत आला की फोन करणारी ती मी. श्रुतिका, रिन्युअल डेस्क. नऊ वर्षं झाली.

सुरुवातीला आम्ही सगळ्यांना ‘अनलिमिटेड’ विकायचो. मग तीन वर्षांपूर्वी आमचे मालक केतनभाई यांनी बँडविड्थची मर्यादा आणली. म्हणजे तुमच्या साइटवरून लोकांनी महिन्याभरात किती डेटा ओढायचा त्याला हद्द. हद्द संपली की साइट बंद, आणि तिच्या जागी एक पांढरं पान, ‘मर्यादा ओलांडली आहे’. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पुन्हा चालू. सोसायटीच्या टाकीसारखंच आहे. फ्लॅट विकताना टाकी दाखवतात, पाणी किती वाजता जातं ते सांगत नाहीत.

लोक आम्हाला सोडून जातात ते या पांढऱ्या पानामुळे. मुलुंडच्या एका क्लासची साइट ऐन निकालाच्या दिवशी बंद पडली. बोरिवलीच्या एका साडीवाल्या बाईंचा व्हिडिओ कुठेतरी गाजला, हजारो लोक साइटवर आले आणि तासाभरात पान पांढरं. बाई मला म्हणाल्या, ‘गिऱ्हाईक आलं म्हणून दुकान बंद करता तुम्ही?’ मी म्हटलं, ‘मॅडम, वरचा प्लॅन घ्या.’ मला दुसरं काही म्हणायची परवानगीच नाही. केतनभाईंचा नियम आहे, उपाय सांगायचा नाही, प्लॅन सांगायचा.

पहिल्या वर्षी मला वाईट वाटायचं. घाटकोपरला घरी जाऊन जेवताना मी त्या लोकांबद्दल बोलायचे. मग हळूहळू ते बंद झालं. आता कोणी फोनवर रडलं तरी मी दुसऱ्या हाताने पुढचा नंबर शोधत असते. हे मी फुशारकीने सांगत नाही आणि लाजेनेही सांगत नाही. तसं झालंय, एवढंच.

रुडॉल्फ परेरा आमच्या जुन्या ग्राहकांपैकी एक. ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर मरोळचं जुनं गावठाण आहे, तिथे राहतात. इथल्याच एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. वय सत्तरच्या पुढे. फोनवर पहिल्याच दिवशी मला ‘सर म्हणू नको गो, अंकल म्हण’ म्हणाले. तेव्हापासून अंकल.

त्यांची साइट म्हणजे गावठाणातली एकेचाळीस जुनी घरं. प्रत्येक घराचं एक पान, पानावर घराचा एक फोटो आणि एक व्हिडिओ. व्हिडिओत अंकलची बायको बेटी बोलते. कोणाची आजी कुठून सून म्हणून आली, कोणाची कोणाशी बोलचाल बंद होती आणि कशावरून, कोणाच्या विहिरीचं पाणी गोड, कोण शेतात मेलं, कोण बोटीवर गेला तो आलाच नाही. गावात कोण कोणाचं ते फक्त तिला ठाऊक होतं, असं अंकल सांगायचे. लॉकडाऊनमध्ये त्यांचा मुलगा डेन्झिल जहाजावरून येऊन घरी अडकला होता. करायला काही नाही म्हणून त्याने आईला पडवीत बसवून रोज एक घर बोलायला लावलं. एकेचाळीस दिवस. त्याच्यानंतर दोन वर्षांनी बेटी गेली. डेन्झिलचा तो फोन केव्हाच बिघडला, घरचा कॉम्प्युटर अंकलनी भंगारात दिला. सगळं साइटवर आहे की, मग डबडं कशाला ठेवायचं. तिचं बोलणं आता फक्त आमच्या सर्व्हरवर होतं.

एरवी साइटवर फार कोणी येत नाही. पण नोव्हेंबरच्या दोन तारखेला त्यांचा ऑल सोल्स, गेलेल्यांना आठवायचा दिवस. सगळे सिमेट्रीत जाऊन मेणबत्त्या लावतात, फुलं ठेवतात. गावातले जे कॅनडाला, न्यूझीलंडला, आखातात गेलेत त्यांना सिमेट्री कुठली? ते त्या दिवशी बेटीची साइट उघडतात आणि आपलं घर ऐकतात. आपलं झालं की काकाचं, मावशीचं. डेन्झिलने व्हिडिओ भारी फोनवर घेतलेले, एकेक अर्ध्या जीबीच्या वर. अंकलचा प्लॅन महिन्याला शंभर जीबीचा. दोन तारखेच्या दुपारपर्यंत पान पांढरं व्हायचं. सलग तीन वर्षं झालं. तिन्ही वर्षं अंकलनी मला फोन केला, आणि तिन्ही वर्षं मी वरचा प्लॅन सांगितला.

यंदा त्यांचा करार ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला संपत होता. दहा तारखेला मी फोन लावला.

“या वर्षी नको गो श्रुतिका,” अंकल म्हणाले. “बंद कर.”

“बंद केलं तर पंधरा दिवसांनी सगळं पुसलं जाईल, अंकल.”

“मग काय करू? ज्या दिवशी बघायचं त्याच दिवशी बंद. नादिया तिकडून सकाळी उठून लावते, तिला पांढरं पान दिसतं. माझ्याशी भांडते. वरचा प्लॅन मला जमत नाही, तुला माहितेय.”

नादिया त्यांची मुलगी, टोरांटोला असते. मी फोन म्यूट केला. त्या महिन्यात माझे अकरा करार कमी पडत होते आणि केतनभाई दोनदा माझ्या टेबलाशी येऊन काही न बोलता उभे राहून गेले होते. आमच्याकडे सर्व्हर बघतो तो निलेश शेजारीच बसतो. त्याला विचारलं.

“प्लॅन कशाला पाहिजे यार त्यांना,” निलेश म्हणाला. “व्हिडिओ जड आहेत. उतरवून घ्यायचे, हलके करायचे, परत चढवायचे. नाहीतर दुसरीकडे फुकट ठेवायचे नि इथे फक्त लिंक द्यायची. इथून जड माल काढला की झालं. पण मी सांगितलं म्हणून बोलू नको हां, माझी वाट लागेल.”

हे सांगायला बंदी होती. तरी मी सांगायचं ठरवलं. अर्धं अंकलसाठी आणि अर्धं त्या अकरासाठी. अर्धं कुठलं जास्त होतं ते मी आता धुंडाळत बसत नाही.

“अंकल, ऐका. कोणाला बोलू नका. ते व्हिडिओ जड आहेत म्हणून साइट बंद पडते. ते तिथून काढा. मग याच प्लॅनमध्ये भागेल. फोटो आणि नावं राहतील.”

“काढायचे?”

“हो. तुम्हाला पासवर्ड दिलाय ना, त्यातून फाइल दिसतात. काढता येतात.”

समोरच्या स्क्रीनवर माझ्यासाठी तीन कॉल लागलेले दिसत होते. त्यातला कुर्ल्याचा एक ट्रान्सपोर्टवाला सकाळपासून शिव्या देत होता.

“काढल्यावर ते जातात कुठे?” अंकलनी विचारलं. “तुमच्याकडे राहतात ना?”

“आमच्याकडे बॅकअप असतो, अंकल.”

“मग हरकत नाही,” ते म्हणाले. “मग तीन वर्षांचं कर.”

आमच्याकडे बॅकअप असतो हे खरं आहे. सात दिवसांचा असतो. निलेशने सांगितलेलं उतरवून घेणं, हलकं करणं, हे सगळं मी गाळलं होतं, कारण म्हाताऱ्या माणसाला फोनवर ते समजावत बसले असते तर अर्धा तास गेला असता. मी तीन वर्षांचा करार टाकला. आमच्या ग्रुपवर केतनभाईंनी शाबासकीचा अंगठा टाकला. मी कुर्ल्याचा फोन घेतला.

त्यानंतर मी अंकलना विसरून गेले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, त्यांचा फोन आला. आवाज खूश होता.

“श्रुतिका गो, आता बाहेर काढ.”

“काय, अंकल?”

“व्हिडिओ. रविवारी ऑल सोल्स. तू काढ म्हणालीस तसे मी काढले, सगळे. आता एका दिवसासाठी लावून दे, सोमवारी परत आत ठेव. वीस दिवस ते आत होते, तेवढी मर्यादा वाचलीच असेल. संपली तर संपली, लोकांनी ऐकलेलं असेल.”

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं, “बघून सांगते.”

निलेशने बघितलं. “अकरा तारखेला डिलीट केलेत,” तो म्हणाला. “ट्रॅशपण रिकामा केलाय म्हाताऱ्याने. आपला बॅकअप सात दिवसांचा. गेलं गं ते.”

“कुठेच नाही?”

“कुठे असणार?”

मी केतनभाईंकडे गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, तेवढं म्हणायला पाहिजे. मग म्हणाले, “कस्टमरने स्वतः डिलीट केलं ना? आपल्या करारात लिहिलंय, डेटाची जबाबदारी कस्टमरची. तू सांगितलं काढा, असं लेखी आहे काय कुठे? नाही ना? मग झालं. मेलवर पॉलिसीची लिंक पाठव.”

मी मेल लिहायला घेतला. ‘प्रिय ग्राहक’ इथपर्यंत लिहिलं आणि पुढे हात चालेना. संध्याकाळी मेट्रोने घरी गेले, जेवले, झोपले. झोप नीट लागली, हेही सांगून टाकते.

शनिवारीही ऑफिस असतं. जेवणाच्या सुट्टीत मी चालत गावठाणात गेले. नऊ वर्षांत कुठल्याही ग्राहकाच्या घरी मी गेले नव्हते. विचारत विचारत गेले तर लोक ‘बेटीचं घर ना’ म्हणून रस्ता दाखवत होते.

अंकल पडवीतच होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक, अंगात इस्त्रीचा शर्ट. पडवीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, दहा-बारा असतील, आणि एका स्टुलावर स्पीकर. सिमेट्रीतून परत येताना लोक इथे बसून आपापलं घर ऐकून जातात, त्यांनी सांगितलं. तीन वर्षं पांढऱ्या पानामुळे जमलं नव्हतं, यंदा जमणार.

“तू कशाला आलीस एवढ्या उन्हात? फोन करायचा.”

“अंकल, ते व्हिडिओ नाहीयेत.”

“नाहीयेत म्हणजे?”

“पुसले गेलेत. आमच्याकडे सातच दिवस राहतात. तुम्ही अकरा तारखेला काढले.”

ते खुर्चीत बसले. मलाही बस म्हणाले. मी बसले. ते स्पीकरच्या वायरकडे बघत होते.

“आमच्या सिमेट्रीत जागा कमी,” ते म्हणाले. “दोन-तीन वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला लागते. मग आधीच्या माणसाची हाडं काढतात नि भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात. निश म्हणतो आम्ही. वर नावाची पाटी. सप्टेंबरमध्ये बेटीचं काढलं. मी उभा होतो. फादर म्हणाले, रुडॉल्फ, जागा सोडायचीय, बेटीला कोणी टाकून देत नाही. तू पण काढा म्हणालीस. जागा कमी पडते म्हणून काढा. मी म्हटलं, तसंच असेल.”

ते माझ्याकडे वळले.

“मी विचारलं होतं तुला. कुठे जातात म्हणून.”

“विचारलं होतं.”

“मग सांगायचं ना गो, सात दिवस.”

“माझे तीन कॉल थांबले होते, अंकल,” मी म्हणाले. दुसरं खोटं कारण शोधायचा मला कंटाळा आला होता.

त्यांनी मान हलवली. कारखान्यात माझ्यामागे पण सुपरवायझर असायचा, असं काहीतरी पुटपुटले. रागावले असते तर बरं झालं असतं. नऊ वर्षं मी राग झेलतेय, तो मला झेलता येतो.

“एकेक करून काढले मी,” ते म्हणाले. “सगळे एकदम कसे निवडायचे ते मला येत नाही. एकेकाला दाबायचो, ते विचारायचं, नक्की काढायचं का? मी हो म्हणायचो. एकेचाळीस वेळा विचारलं त्याने. एवढं तर सिमेट्रीत पण विचारत नाहीत. नि नंतर कचऱ्याचा डबा दिसला, तोही साफ केला. माझी सवय. काम झालं की टेबल पुसायचं.”

मी त्यांना म्हटलं की करार रद्द करून घेते, पैसे परत मिळवून देते. त्यांना ते जणू ऐकूच आलं नाही. मी विचारलं, बाहेरगावच्या कोणी उतरवून ठेवले असतील का? त्यांनी तिथल्या तिथे गावच्या ग्रुपवर विचारलं. आम्ही दोघं फोन बघत बसलो. उत्तरं भराभर आली. सगळ्यांनी ऐकलं होतं. ठेवलं कोणीच नव्हतं. ‘साइटवर आहे ना अंकल?’ असं तिघांनी उलट विचारलं. नादियाचं उत्तर शेवटी आलं, तिच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली असेल. तिने फक्त ‘डॅडी?’ लिहिलं होतं. अंकलनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

मग एकाएकी ते उठले आणि आत गेले. मला वाटलं पाणी आणायला गेले. येताना त्यांच्या हातात एक लांब वही होती, कारखान्यातली असावी, आणि पेन. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

“तू ऐकलंयस,” ते म्हणाले.

“मी?”

“साइट नीट चालतेय का विचारायला तू फोन करायचीस, तेव्हा लावून बघायचीस ना? मी फोनवर असायचो, मला इकडे बेटी ऐकू यायची. दर महिन्याला. कधी हे घर, कधी ते. तू आमच्यातली नाहीस, भावकीची नाहीस, तू सरळ ऐकलं असशील. आमच्या लोकांचं काय, प्रत्येकाला आपलंच घर आठवणार. मी तर तिच्या बोलण्याकडे कधी लक्षच दिलं नाही, घरातलं माणूस, म्हटलं आहे की साइटवर. सांग. कुठल्याही एका घराचं सांग, मी लिहून घेतो.”

त्यांनी वहीचं पान उघडलं, वर तारीख घातली आणि माझ्याकडे बघत बसले.

मी डोळे मिटले. बेटीचा आवाज मला लगेच आठवला. जरा बसका, बोलायच्या आधी घसा साफ करणारा. मागे पंखा. कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज, त्यावर डेन्झिलचं हसणं. इथपर्यंत सगळं स्वच्छ होतं. त्यापुढे ती काय बोलली ते मी शोधायला लागले. एक नाव, एखाद्या आजीचं, विहिरीचं, भांडणाचं. काहीही. एक शब्द मिळेना. तीन वर्षांत मी तिला तीस-चाळीस वेळा तरी लावलं असेल आणि प्रत्येक वेळी दहा सेकंदांनी बंद केलं होतं. चित्र हलतंय, आवाज येतोय, म्हणजे साइट चालू, पुढचा फोन.

“अंकल,” मी म्हटलं, “चालू आहे की नाही, एवढंच बघायचे मी.”

“असू दे,” ते म्हणाले. “घाई नाही. बस तू. आठवेल.”

पर्समध्ये माझा फोन वाजत होता. ऑफिस असणार. मी तो काढला नाही. गावठाणातून एक बाई फुलांची टोपली घेऊन गेली, अंकलना उद्या किती वाजता म्हणून विचारून गेली, आणि अंकलनी तिला वेळ सांगितली. पेन तसंच वहीवर टेकलेलं होतं. मला खूप वाईट वाटत होतं, पहिल्या वर्षी वाटायचं तसं, आणि त्या वाईट वाटण्याचा त्या माणसाला काडीचा उपयोग नव्हता. मी डोळे मिटून पुन्हा बेटीला लावलं. तिने घसा साफ केला, आणि मी तिला बंद केलं.